उस्ताच्या नावावरची बावीस मिनिटे

मी एक जुना चष्मा आहे. जुना म्हणजे सव्वा वर्षाचा. तुम्हाला हसू येईल, पण माझ्या जातीत सव्वा वर्षातच म्हातारपण येते. माझ्या डाव्या काडीत कॅमेरा आहे, उजवीत बॅटरी आहे आणि काचेवर हिरवी अक्षरे उमटतात. मला घातले की समोरचे यंत्र तर दिसतेच, शिवाय त्या यंत्राला कुठे हात घालायचा त्याचा बाणही दिसतो. मित्रांनो, एवढे सगळे अंगी असून मी आज एका साखर कारखान्याच्या कपाटात, तडा गेलेल्या हेल्मेटांखाली पडलो आहे. पडून राहिल्याचे मला दुःख नाही. मला राग आला आहे, आणि तो कशाचा ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म फार दूरच्या एका स्वच्छ, थंडगार कारखान्यात झाला. तिथे मला टेबलावरून खाली टाकून पाहिले, बर्फात ठेवले, भट्टीशेजारी ठेवले, माझ्यावर पाण्याचा फवारा मारला. मी सगळे सोसले. मग कैरोच्या एका प्रदर्शनात मला मखमलीवर मांडले. एक कोटवाले गृहस्थ येणाऱ्या जाणाऱ्याला दिवसभर सांगत होते, "हा चष्मा म्हणजे कामगाराचा मित्र आहे." मी ते खरे मानले. आपल्याविषयी कोणी चांगले बोलले की ते खरे मानायची घाई सगळ्यांनाच असते.

प्रदर्शनातून मी दक्षिणेला, नाईलकाठच्या या साखर कारखान्यात आलो. गळीत हंगाम भरात होता. उसाने भरलेल्या छोट्या रेल्वेच्या वाघिणी गव्हाणीपाशी रांग लावून उभ्या असत आणि पाच मिल एकापाठोपाठ रस काढत असत. मला अजून विकत घेतलेले नव्हते. सहा आठवडे वापरून पाहायचे आणि मग ठरवायचे, असे बोलणे झाले होते. त्यासाठी एकतीस प्रश्नांचा एक तक्ता छापला होता. वजन झेपते का, बॅटरी किती तास टिकते, घामाने घसरतो का, चित्र स्पष्ट येते का, असे प्रश्न त्यात होते. शेवटचा एकतिसावा प्रश्न होता, 'घ्यावा की नको?' तो तक्ता भरायचे काम इन्तिसार नावाच्या इंजिनियरबाईंकडे होते.

इन्तिसारबाई गाळप विभागातल्या एकट्याच बाई. पहिल्या दिवशी त्यांनी मला स्वतः घालून पाहिले आणि तिथेच माझी फजिती झाली. माझ्या काड्या कानांवर बसण्यासाठी घडवलेल्या, आणि त्यांच्या डोक्याला रुमाल गुंडाळलेला. मला कान सापडेनात. शेवटी त्यांनी दोन टाचण्यांनी मला रुमालाला अडकवले आणि सातव्या प्रश्नापुढे लिहिले, 'बनवणाऱ्याने आमच्या बायका पाहिलेल्या दिसत नाहीत.' मी मनातून चिडलो. ज्याने मला बनवले त्याचा राग माझ्यावर का काढावा, असे मला वाटले.

खरी अब्रू मात्र मिल हाऊसमध्ये गेली. तिसऱ्या मिलवर उस्ता खलफल्ला उभे असत. हाताने कसब कमावलेल्या माणसाला इकडे उस्ता म्हणतात आणि वयाने मोठा माणूसही त्याला नावाने हाक मारत नाही. यांना साठीला तीन महिने कमी होते. चौतीस हंगाम ते त्याच मिलवर होते आणि हा हंगाम संपला की निवृत्त व्हायचे होते. माझी नोंद त्यांच्याच नावावर झाली, 'चष्मा क्रमांक एक, वापरणारे उस्ता खलफल्ला.' बाईंनी त्यांना सांगितले, की हाताने काही दाबायचे नाही, नुसते बोलायचे.

उस्ता म्हणाले, "पुढचं दाखव की रे."

मी गप्प राहिलो. त्यांची बोली मला कोणी शिकवलीच नव्हती.

"बहिरा आहे का हा?"

"बहिरा नाही, उस्ता. याला फक्त पुस्तकी भाषा कळते," बाई म्हणाल्या.

"कुठली पुस्तकी? शुक्रवारच्या प्रवचनातली?"

"तीच. नाहीतर बातम्यांतली."

उस्तांनी घसा खाकरला, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "हे आदरणीय उपनेत्रा, पुढील सूचना कृपया प्रदर्शित करावी."

मी लगेच बाण दाखवला. सगळे मिल हाऊस पोट धरून हसले. "कैरोहून आलाय तो, तुझ्या तोंडाला लागणार आहे होय," कोणीतरी म्हणाले. दुसऱ्याने विचारले, "हा घातला की ऊस जास्त गोड दिसतो का, उस्ता?" त्या दिवसापासून माझे नाव 'मंत्रीसाहेब' पडले. मंत्रीसाहेबांना चहा द्या, मंत्रीसाहेबांना झोप आली, असे चालायचे. सव्वादोनशे चाचण्या पार करून आलेला मी, आणि माझी ही किंमत.

पण उस्तांनी माझी हेळसांड केली नाही, हे सांगायलाच हवे. उसाच्या चिपाडाचा भुसा हवेत सारखा उडत असतो आणि तो माझ्या काचांवर चिकटे. उस्ता दर तासाला मला ओल्या फडक्याने पुसत. पहिल्याच आठवड्यात एका नव्या माणसाला जाळीमागची वंगणाची जागा सापडेना. मी त्याला बाणाने ती दाखवली. तेव्हा उस्ता म्हणाले, "डोळे बरे आहेत याचे. अक्कल नाही, पण डोळे बरे आहेत." माझ्या आयुष्यात मला मिळालेली ती सगळ्यात खरी शाबासकी होती. अर्थात तेव्हा मला ती टोचली.

त्या मिल हाऊसची एक रीत आहे. हत्यार कधी जमिनीवर ठेवायचे नाही, खिळ्याला अडकवून निघून जायचे नाही. आपली जागा दुसऱ्याला देताना हत्यार त्याच्या हातात द्यायचे. देणारा म्हणतो, "तुझ्या हवाली." घेणारा म्हणतो, "माझ्या मानेवर." त्यानंतर जे काही बरेवाईट होईल ते घेणाऱ्याचे. सही नाही, शिक्का नाही. मला ही रीत अडाणीपणाची वाटे. नोंद नसलेली गोष्ट घडलीच नाही, असे मला शिकवलेले होते.

मग रमजान लागला. मिल काही रोज्यासाठी थांबत नाही. सूर्य मावळला की अजान होते, आणि दिवसभर पाण्याचा थेंब न घेतलेली माणसे खाली चादरीवर बसून खजूर खातात, पाणी पितात, नमाज पढतात, चार घास पोटात घालतात. कागदावर मात्र अशी सुट्टी नव्हती. कागद म्हणत होता, की माणसाने जागेवरच खावे. ज्याने तो लिहिला तो कधी तिसऱ्या मिलच्या गरम तेलाच्या वासात उभ्याने जेवला नसावा.

म्हणून वर्षानुवर्षांची तोड होती. अजान झाली की कारखान्यातले ख्रिस्ती कामगार पुढे येत आणि रोजेकऱ्यांची जागा घेत. इकडच्या ख्रिस्ती लोकांचा नाताळ जानेवारीत येतो; त्याच्या आदल्या संध्याकाळी चर्चमध्ये प्रार्थना असते, तेव्हा हेच रोजेकरी त्यांची जागा घेत. याची चर्चा कोणी करत नसे. श्वास घेण्याची चर्चा करतो का कोणी?

उस्तांच्या जागेवर येई तो बिशाय. अडतीस वर्षांचा, तीन मुलींचा बाप, गव्हाणीवर ऊस ओढणारा हंगामी कामगार. उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला लहानपणी गोंदलेला छोटा निळसर क्रूस. अकरा हंगाम तो उस्तांच्या मागे मागे राहून काम शिकला होता. उस्तांनीच त्याच्यासाठी अर्ज केला होता, की माझ्यानंतर तिसरी मिल याला द्या. त्या वर्षीच्या कायम होणाऱ्यांच्या यादीत त्याचे नाव चौथे होते. यादीवर हंगामाच्या शेवटी सही व्हायची होती. अकरा वर्षे दर उन्हाळ्यात घरी बसलेल्या माणसाला ती सही म्हणजे काय, ते मी तुम्हाला सांगायला नको.

त्याचाही तेव्हा त्यांच्या मोठ्या सणाआधीचा उपास चालू होता, दूध, तूप, मांस वर्ज्य. उस्ता त्याला चिडवत, "तुझा कसला उपास, भावा. ताटभर उसळ हाणतोस आणि वर उपास म्हणतोस."

"आणि तुम्ही उस्ता, दिवसभराचं संध्याकाळी एका दमात वसूल करता, त्याला काय म्हणायचं?"

"त्याला भूक म्हणतात. जा, खाली तुझी उसळ वेगळी काढलीय. तूप नाही घातलेलं. आधी इथे उभा राहा."

आणि मग पहिल्याच रोज्याला उस्तांनी ती गोष्ट केली. अजान झाली. उस्तांनी पाना बिशायच्या हातात दिला. त्यांना वाटले, की पाना जसा या जागेचा तसा चष्माही या जागेचा. त्यांनी मला डोळ्यांवरून काढले, पुसले आणि बिशायच्या नाकावर चढवले.

"तुझ्या हवाली."

"माझ्या मानेवर."

मित्रांनो, त्यांनी मला खिशात घातले असते, रेलिंगला अडकवले असते, तर मी काही वेळ तेलाचा पिंप पाहत बसलो असतो आणि पुढचे काहीच घडले नसते. पण हत्यार टाकून जायचे नाही, ही त्यांची चौतीस वर्षांची सवय. प्रामाणिक माणूस प्रामाणिकपणानेच कसा अडकतो ते मी तिथे पाहिले. कारण मी उस्तांच्या नावावर होतो, आणि बिशायचा आवाज, बिशायची चाल मला वेगळी कळत होती. मी मुकाट्याने नोंद केली, 'नावावरचा माणूस नाही. बावीस मिनिटे.' रोज संध्याकाळी हीच नोंद मी करत गेलो.

सतराव्या रोज्याला बिशाय माझ्यातून तिसऱ्या मिलकडे पाहत उभा होता. मी काचेवर हिरव्या अक्षरांत दाखवत होतो, 'सर्व ठीक.' तो मध्येच थांबला आणि त्याने नाक वर केले.

"मंत्रीसाहेब, तुम्हाला नाक दिलं नाही ना कोणी," तो म्हणाला.

त्याने रोलरच्या टोकाच्या बेअरिंगच्या घराला हाताची मागची बाजू लावली आणि झटकन काढली. मी म्हणतच होतो, 'सर्व ठीक.' मला कळवणारा तापमापक दुसऱ्या टोकाच्या बेअरिंगवर बसवलेला होता, ही काही माझी चूक नाही. बिशायने माझे ऐकले नाही. त्याने घंटा वाजवून गव्हाण थांबवली, मिलमधला ऊस पुढे निघून जाऊ दिला, वंगणाची तुंबलेली नळी तारेने मोकळी केली. वंगण पुन्हा वाहू लागल्यावरच त्याने गार पाण्याचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडला. नऊ मिनिटांनी त्याने गव्हाण चालू करायची खूण केली. त्याच्या मनगटावरचा क्रूस आणि व्हॉल्व्हचे चाक माझ्यासमोर इतके स्पष्ट होते, की चित्राच्या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी मिळाले असते.

उस्ता तोंड पुसत वर आले. "गव्हाण का थांबली होती?"

"नळी तुंबली होती. काढली."

उस्तांनी बेअरिंगला हात लावला आणि जरा वेळ तसाच ठेवला. "वंगण आधी, पाणी नंतर?"

"तुम्हीच शिकवलंय."

"हं," उस्ता म्हणाले. बिशायने मला काढून त्यांच्या हातात दिले. एवढेच झाले. दुसरीकडे यासाठी हारतुरे झाले असते. इथे तो माणूस खाली जाऊन गार झालेली उसळ जेवला.

चौथ्या आठवड्याअखेर आस्थापना विभागाचे प्रमुख रुश्दी बे मला पाहायला आले. सगळे त्यांना मानाने बे, म्हणजे साहेब, म्हणत, कारण त्यांच्या सहीशिवाय कोणाची रजाही हलत नसे. त्यांनी इन्तिसारबाईंना विचारले, "कोण कुठे उभा होता, ते हा सांगतो का?"

बाईंना माझे कौतुक करायची हौस. "मिनिटामिनिटाचं सांगतो, बे."

मीसुद्धा फुगलो. या सगळ्यात माझा एवढा एक दोष मी कबूल करतो. कोणी माझे गुण विचारले, की ते कशासाठी विचारले हे मी पाहिले नाही.

चार दिवसांनी चौकशी लागली. दिवसा अकरा वाजता रुश्दी बेंच्या खोलीत मी टेबलावर होतो. समोर उस्ता आणि बिशाय उभे होते, बाजूला इन्तिसारबाई. भिंतीवरच्या पडद्यावर त्यांनी माझ्यातले चाळीस सेकंद लावले. त्यात फक्त मनगट, क्रूस आणि व्हॉल्व्हचे चाक होते.

"हा हात उस्तांचा नाही," रुश्दी बे म्हणाले. "मला धर्माशी कर्तव्य नाही, नोंदीशी आहे. मिलला हात लावायची परवानगी हंगामी कामगाराला नाही. याला तिथे कोणी उभं केलं?"

उस्ता म्हणाले, "मी केलं. त्याला माझा हुकूम मोडता आला नसता. तो निर्दोष आहे."

बिशाय म्हणाला, "खोटं आहे, बे. उस्ता नको म्हणत होते. मीच त्यांच्या हातातून पाना ओढून घेतला."

"गप रे, मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस."

"तुम्ही गप्प बसा, उस्ता. तुमचं वय झालंय, तुम्हाला आठवत नाही."

त्या भागात असेच असते. संकट आले की दुसऱ्याचा अपराध आपल्या अंगावर ओढून घ्यायचा, आणि समोरच्यानेही तेच करायचे. मग गावातले वडीलधारे दोघांची तोंडे पाहतात, हसतात आणि दोघांना सोडून देतात. पण इथे वडीलधारे नव्हते. इथे एक कारकून होता, आणि तो लिहीत होता. त्याने पहिला कबुलीजबाब लिहिला, खाली दुसरा कबुलीजबाब लिहिला आणि दोघांच्या सह्या घेतल्या. एकमेकांना वाचवायला निघालेले दोघेही कागदावर गुन्हेगार ठरले. मी टेबलावर पडून तडफडत होतो. मला विचारा, मी म्हणत होतो. सगळे मी पाहिले आहे. पण मला पुस्तकी भाषेतही कोणी काही विचारले नाही.

इन्तिसारबाई पुढे झाल्या. "बे, हे चाळीस सेकंद आहेत. तो बावीस मिनिटं तिथे होता. सगळी लावा."

"तिथे कोण होता एवढंच मी विचारलं, बाई. सिनेमा नाही मागितला."

"सगळी लावा. त्याने मिल वाचवलीय. ते दिसेल तुम्हाला."

त्यांनी ती लावली. नाक वर करणे, हात लावून पाहणे, घंटा, नळी, पाणी, सगळे पडद्यावर दिसले. मला वाटले, आता तरी. उस्ता पडद्याकडे पाहत होते आणि त्यांचा चेहरा उजळला होता, कारण बिशायने एकही पायरी चुकवली नव्हती.

रुश्दी बेंनी चष्मा पुसला, त्यांचा साधा चष्मा. मग कारकुनाला म्हणाले, "लिही. उस्ता जागेवर नसताना मशीन तापलं. अनधिकृत माणसाने नऊ मिनिटं गाळप बंद ठेवलं."

इन्तिसारबाई हळूच म्हणाल्या, "बंद ठेवलं नाही, बे. वाचवलं."

"तुमचाच चष्मा सांगतोय, बाई. मी माझ्या मनाचं काही लिहिलेलं नाही."

हे ऐकून मला जे झाले ते मी अजून विसरलेलो नाही. माझे नाव घेऊन तो माणूस हे म्हणाला. मी सांगतोय म्हणे. मी जे पाहिले त्यातले एक अक्षरही खोटे नव्हते, आणि त्याने त्यातल्या एका अक्षराचाही अर्थ खरा ठेवला नाही. मित्र म्हणून आलेल्याला त्याने चहाडखोर केले, आणि चहाडी तरी नीट ऐकायची, तेही नाही.

निकाल आठवडाभरात लागला. कायम होणाऱ्यांच्या यादीतून चौथे नाव खोडले गेले. बिशायने हंगाम पुरा करावा, पण मिलपाशी जाऊ नये, असा हुकूम निघाला. उस्तांच्या चौतीस वर्षांच्या कोऱ्या सेवापुस्तकात ठपका बसला. तिसऱ्या मिलवर उस्तांच्या जागी कोणाला आणायचे, हे ठरले नाही. ते काम येते असा माणूसच दुसरा नव्हता.

इन्तिसारबाई त्या दिवशी तक्ता घेऊन बेंच्या खोलीत गेल्या. मी त्यांच्या हातात होतो.

"एकतिसाव्या प्रश्नाला मी 'नको' लिहिलंय," त्या म्हणाल्या.

"वाचलं मी. पण तीस प्रश्नांपैकी सव्वीसांना तुम्हीच 'चांगला' लिहिलंय."

"ते वजनाचे, बॅटरीचे प्रश्न आहेत. माणसांचा प्रश्न त्यात एकही नाही."

"मग तो तक्त्यात नाही, बाई. जो प्रश्नच नाही त्याचं उत्तर मी कसं धरू?"

बाईंनी मला टेबलावर ठेवले. मिनिटामिनिटाचे सांगतो, हे त्याच बोलल्या होत्या, आणि ते त्या विसरू शकत नव्हत्या. जिन्यात त्यांना बिशाय भेटला. त्या म्हणाल्या, "मी केलं हे. मला माफ कर." तो म्हणाला, "तुम्ही कुठे, बाशमुहंदिसा. माझ्या नशिबात नव्हतं." इंजिनियरबाईंना इकडे असेच म्हणतात. एवढे बोलून त्याने त्यांना वाट दिली. मला त्याच्या या समजूतदारपणाचाही राग आला. त्याने एकदा तरी ओरडायला हवे होते.

कारखान्याने माझ्यासारखे तीस चष्मे मागवले. त्यांचे काम यंत्र दाखवणे नव्हते. ते हजेरीसाठी होते. ते आले आणि मी कपाटात गेलो.

पण निकालानंतरची पहिली संध्याकाळ मीच टिपली. उस्ता तिसऱ्या मिलवर उभे होते आणि मी त्यांच्या डोळ्यांवर होतो. अजान झाली. खाली चादर घातलेली होती, पण तिथे कोणीच गेले नाही, कारण आता प्रत्येकाने जागेवर राहायचे होते. मिलच्या पिवळ्या रेषेपलीकडे बिशाय येऊन उभा राहिला. रेषा ओलांडायची त्याला मनाई होती. त्याच्या हातात पाण्याची बाटली होती. उस्तांचे दोन्ही हात तेलाने बरबटलेले होते.

"पाणी तरी घ्या, उस्ता," तो रेषेपलीकडून म्हणाला.

"तू जेवलास?"

"तुम्ही घ्या, मग जेवतो."

"मी इथून हललो तर मंत्रीसाहेब लिहितात. आणि तू आत आलास तर तुझं उरलंसुरलं जाईल. जा, जेव."

तो गेला नाही. उस्ताही हलले नाहीत. दोघे दहा पावलांवर समोरासमोर उभे राहिले, दोघेही उपाशी, आणि मधे मिल गरगरत राहिली. बावीस मिनिटांनंतरही उस्तांच्या ओठांना पाणी लागलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी सूचना फलकावर माझा अहवाल लागला, 'तिसरी मिल. नावावरचा माणूस जागेवर. उपस्थिती शंभर टक्के.' रुश्दी बेंनी त्यावर लाल शाईने 'उत्तम' लिहिले. आयुष्यात मला पैकीच्या पैकी गुण मिळाले ते एवढ्याच बावीस मिनिटांना, आणि ते मी कुठल्या तोंडाने मिरवू?

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कारखान्यांत, कचेऱ्यांत जाल. कोणीतरी तुमच्यापुढे माझा भाऊबंद आणून ठेवेल आणि विचारेल, हा चांगला आहे का? त्याची काच पुसा, त्याची बॅटरी वेळेवर भरा, त्याला आपटू नका, हे तर मी सांगतोच. पण त्याला 'चांगला' म्हणण्याआधी, तो कोणाच्या डोळ्यांवर बसणार आहे आणि त्याने पाहिलेले कोण वाचणार आहे, हे दोन प्रश्न आपल्या हाताने तक्त्यात लिहा. आणि कोणी माझ्यातले चाळीस सेकंद तुम्हाला दाखवले, तर उरलेली एकवीस मिनिटे वीस सेकंद मागून घ्या, आणि ती पाहायला असा माणूस बसवा, ज्याने तापलेल्या बेअरिंगला कधीतरी हात लावलेला आहे. असा माणूस त्या खोलीत एकच होता, शिवाय त्याचा चेला, आणि ते दोघेही आरोपी म्हणून उभे होते.